गाणं विकायला ठेवा, मग चोरीचं बोलू

जुन्या मैफलींची किंवा नाट्यसंगीताची ध्वनिमुद्रणं वाटणारा एखादा टेलिग्राम ग्रुप हक्कभंगाच्या तक्रारीवरून बंद पडतो आणि रसिकांमध्ये तेच भांडण पुन्हा पेटतं. एका बाजूचं म्हणणं, चोरी ती चोरीच, तिच्यावर रसिकतेचं पांघरूण घालू नका. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, संगीत हा समाजाचा ठेवा आहे, त्याला कुलूप लावणारे तुम्ही कोण? दोघांचाही आवाज चढतो आणि दोघंही बोलतात ते ऐकणाऱ्याच्या सदाचाराबद्दल. ते गाणं विकत घ्यायचं म्हटलं तर मिळतं कुठे, केवढ्याला, आणि त्या पैशातलं किती गाणाऱ्याच्या, चाल बांधणाऱ्याच्या आणि शब्द लिहिणाऱ्याच्या हातात पडतं, हे प्रश्न भांडणात येतच नाहीत. माझ्या मते खरा वाद तिथे आहे. कलाकाराला मोबदला मिळालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण जी कंपनी गाणं धड विकत नाही आणि विकलं तर हिशेब दाखवत नाही, तिने श्रोत्याला चोर म्हणावं हे मला मान्य नाही. पायरसीवरचा टिकाऊ इलाज आजवर पोलीस ठाण्यात सापडलेला नाही. जिथे सापडला, तिथे तो विक्रीच्या पद्धतीत सापडला.

पायरसीने कोणाचं काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांनी स्मार्टफोन यायच्या आधीचं तालुक्याच्या गावातलं मोबाइलचं दुकान आठवावं. काचेवर चिकटवलेला कागद: ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’. आत संगणकावर फोल्डर लावून ठेवलेले असत. भक्तिगीतं, लावणी, कोळीगीतं, जुनी हिंदी, डीजे. गिऱ्हाइकाने नाव सांगायचं, दुकानदाराने अख्खा फोल्डर उचलून कार्डात टाकायचा. चहा होईपर्यंत काम झालेलं असे. म्हणजे श्रोता गाण्यासाठी पैसे मोजतच होता, पण गाणाऱ्यापर्यंत त्यातला छदामही पोचत नव्हता. मला त्याहून जास्त लागतं ते वेगळंच. ती फाइल फोनवर लावली की कलाकाराच्या जागी कुठल्यातरी डाउनलोड साइटचं नाव यायचं, नाहीतर ‘अननोन आर्टिस्ट’. ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या गोल कागदावर, कॅसेटच्या आतल्या घडीवर, बारीक अक्षरात का होईना, गीतकार आणि संगीतकार छापलेले असत. फुकट वाटल्याने कलाकाराची प्रसिद्धी होते हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. नावच पुसून टाकलेल्या माणसाची प्रसिद्धी कशी होणार? लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव गायली जातात, आणि गाणाऱ्यांपैकी कितीजणांना ती त्यांची आहेत हे ठाऊक असतं? तेव्हा चोरीने नुकसान होतं, पैशाचं होतं आणि नावाचंही होतं. एवढं कबूल करूनच पुढे जायला हवं.

पण मग दरडावून, खटले भरून काय साधलं तेही पाहू. इंटरनेटवर गाण्यांच्या फाइलींची फुकट देवाणघेवाण करू देणारं नॅपस्टर १९९९ च्या जूनमध्ये आलं. त्याच डिसेंबरात अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांनी दावा ठोकला आणि जुलै २००१ मध्ये ते बंद पडलं. न्यायालयात कंपन्यांची सरशी झाली, आणि लोक नॅपस्टरवरून दुसऱ्या सेवेवर गेले, ती बंद पडल्यावर तिसऱ्या. २००३ पासून कंपन्यांनी सामान्य श्रोत्यांवर हजारो दावे लावले, कॉलेजातल्या मुलांनाही सोडलं नाही. २००५ साली सोनी बीएमजीने आपल्या सीड्यांमधून गिऱ्हाइकाच्या संगणकात नकळत सॉफ्टवेअर घुसवलं, त्याने संगणकाची सुरक्षा धोक्यात आली आणि कंपनीला सीड्या परत मागवाव्या लागल्या. शिक्षा कोणाला झाली? ज्याने दुकानात जाऊन पैसे मोजले त्याला. फुकट उतरवून घेतलेल्या फाइलीत तसलं काही नव्हतं. याच काळात, २८ एप्रिल २००३ ला, ॲपलने एक गाणं ९९ सेंटला विकायला काढलं. पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी खपली. लोकांची नीती त्या आठवड्यात सुधारली, असं कोणी म्हणणार आहे का? त्यांना हवं ते एकेक गाणं, परवडेल अशा किमतीत, चटकन मिळेल असं आता कोणीतरी विकत होतं.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०१७ साली सारेगामाने कारवां नावाचा पेटीसारखा प्लेयर आणला. आत पाच हजार जुनी गाणी आणि किंमत सहा हजारांना दहा रुपये कमी. तोवर जिओमुळे डेटा मातीमोल झाला होता आणि यातली बहुतेक गाणी यूट्यूबवर फुकट वाजत होती. तरीही ही पेटी लाखांनी खपली. मुलांनी आईवडिलांना दिली, सासूसासऱ्यांना दिली. कारण त्यात शोधाशोध नव्हती, जाहिरात नव्हती, बटण फिरवलं की आवडीचा गायक लागत होता. ‘भारतीय माणूस गाण्याला पैसे देत नाही’ हे वाक्य या उद्योगातली माणसं वर्षानुवर्षं म्हणत आली आहेत. तोच भारतीय माणूस त्याआधी कॉलर ट्यूनसाठी महिन्याला तीस-तीस रुपये मोजत होता. आता हेही खरं की त्यातल्या कित्येक ट्यून गिऱ्हाइकाला न विचारता सुरू केलेल्या असत. २०११ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने गिऱ्हाइकाची पक्की संमती घेण्याची सक्ती केली तेव्हा तो धंदा झपाट्याने खाली आला. म्हणून त्या आकड्यांवर मी फार भिस्त ठेवत नाही. कारवांबद्दल मात्र अशी शंका घ्यायला जागा नाही, ती लोकांनी दुकानात जाऊन घेतली.

माझ्या म्हणण्याविरुद्ध सगळ्यात भक्कम पुरावा कुठला असेल तर तो फ्लाइटचा. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं गाण्यांचं दुकान काढलं. एका गाण्याची किंमत सहा रुपयांपासून पुढे, फाइल साधी एमपीथ्री, कुठेही वाजवा, कुठेही न्या. मी मागतो आहे ते जवळपास सगळं त्यात होतं. आणि जून २०१३ मध्ये ते बंद झालं. दीड वर्षही पुरतं टिकलं नाही. मग स्वस्त आणि सोपी विक्री हाच इलाज, हे म्हणणं कोसळत नाही का? मी या प्रश्नाला बगल देणार नाही. फुकटची सवय लागलेल्या बाजारात प्रामाणिक दुकानाला उभं राहणं अवघड जातं आणि पायरसीने फ्लाइटचा गळा आवळला, यात तथ्य आहे. पण बंद करताना कंपनीने पायरसीबरोबर दुसरंही एक कारण दिलं होतं, छोट्या रकमा सोप्या रीतीने भरण्याची सोय नाही. २०१२ साली सहा रुपये द्यायला कार्डाचा सोळा आकडी क्रमांक, मागचे तीन आकडे, मग बँकेचा पासवर्ड, आणि इतकं करून व्यवहार अर्ध्यात अडकायचा. त्या काळात देशातल्या बहुसंख्य लोकांकडे असं कार्डही नव्हतं. २०१६ मध्ये यूपीआय आलं. आज कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपये लोक फोन दाखवून देतात. फ्लाइट ज्या खड्ड्यात पडलं तो बुजला आहे, पण त्या वाटेने पुन्हा कोणी जायला तयार नाही. कंपन्यांनी गाणं विकण्याचा विचारच सोडून दिला आणि ते स्ट्रीमिंगमधून, म्हणजे महिन्याच्या वर्गणीवर ऐकवून, भाड्याने द्यायला घेतलं.

त्या भाड्याकडे वळण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण हा पेच इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. १८४७ साली पॅरिसच्या एका उंची कॅफेत एर्नेस्त बुर्जे नावाचा गीतकार-संगीतकार बसला होता. तिथे त्याचीच रचना वाजत होती. उठताना त्याने बिल द्यायला नकार दिला. तुम्ही माझं संगीत फुकट वापरता, तर मी तुमचं पेय फुकट का पिऊ नये? प्रकरण न्यायालयात गेलं, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि त्यातून १८५१ मध्ये सासेम ही गीतकार-संगीतकारांचा मोबदला वसूल करणारी जगातली अशी पहिली संस्था उभी राहिली. कॅफेंनी संगीत बंद केलं नाही, ते परवाना घेऊन वाजवू लागले. पुढे अमेरिकेत पियानो आपोआप वाजवणाऱ्या भोकांच्या कागदी गुंडाळ्या आल्या. १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्या गुंडाळ्या संगीताची प्रत ठरत नाहीत, म्हणजे संगीतकाराला काही मिळणार नाही. पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून तोडगा काढला. एकदा संगीतकाराने यंत्रावर वाजवायला परवानगी दिली की इतर कोणालाही तशी प्रत काढता येईल, मात्र प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट द्यावे लागतील. जर्मनीने १९६५ मध्ये टेपरेकॉर्डरच्या किमतीवरच हक्कधारकांसाठी आकार बसवला, कारण घरोघरी जाऊन कोण काय टेप करतं हे पाहणं अशक्य होतं आणि पाहणं बरंही नव्हतं. या तिन्ही वेळी बंदी घालता आली असती. तिन्ही वेळी शहाणपण सुचलं ते पैसे कलाकारापर्यंत न्यायची नळी जोडण्याचं.

आता म्हणाल, मग स्ट्रीमिंगने तेच केलं की! महिना शंभर-सव्वाशे रुपयांत जगभरचं संगीत, आणि पायरसीही पुष्कळ कमी झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. स्पॉटिफायसारख्या सेवा मिळकतीचा साधारण दोन तृतीयांश हिस्सा हक्कधारकांना देतात, हेही त्यांच्या बाजूने सांगायला हवं. माझी तक्रार वाटपाच्या रीतीबद्दल आहे. समजा दहा श्रोते आहेत आणि प्रत्येकाचे वाटपाला शंभर रुपये जमले. नऊजण दिवसभर चालू हिट गाणी लावून ठेवतात, प्रत्येकी महिन्याला हजार वेळा. दहावी बाई रोज सकाळी एकाच गायिकेचे ख्याल ऐकते, महिन्यात शंभर वेळा. सगळे मिळून एक्क्याण्णवशे वेळा गाणी वाजली, त्यात त्या गायिकेची शंभर. हजार रुपयांच्या गाठोड्यातून तिला मिळतात सुमारे अकरा रुपये. त्या बाईने दुसरं काहीच ऐकलं नव्हतं, तरी तिच्या शंभरातले एकोणनव्वद रुपये तिने कधी न लावलेल्या गाण्यांकडे गेले. त्यातून ख्याल वीस-पंचवीस मिनिटांचा आणि चित्रपटगीत तीन मिनिटांचं, तरी मोजताना दोघांचं ‘एकदा’ सारखंच. २०२४ पासून स्पॉटिफायने आणखी एक नियम लावला. वर्षात हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला त्या वाटपातून काहीच नाही. नाशिकच्या एखाद्या भजनी मंडळाने किंवा सावंतवाडीच्या दशावतारी कलाकाराने आपलं ध्वनिमुद्रण तिथे ठेवलं तर त्याची गत काय होईल ते यावरून समजावं. प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच वाटणं तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी ते सुरू करून दाखवलं. अडतं ते मोठ्या कंपन्यांच्या हितसंबंधांपाशी.

‘कलाकाराच्या हक्कासाठी’ असं म्हणत पायरसीविरुद्ध दंड थोपटणाऱ्या आपल्या उद्योगाने कलाकाराला कसं वागवलं, याचाही इतिहास आहे. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकाला रॉयल्टी हवी अशी मागणी केली. रफीसाहेबांना वाटत होतं की एकदा मानधन घेतल्यावर गायकाचा हक्क संपला. दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. निर्मात्यांना हा वाद सोयीचाच होता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच, तसा वेगळा करार नसेल तर. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात, गाणाऱ्याला आपल्या कायद्यात काहीच स्थान नाही याकडे लक्ष वेधलं. ही परिस्थिती बदलायला २०१२ उजाडावं लागलं. जावेद अख्तर राज्यसभेत बसून भांडले, कायदा दुरुस्त झाला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येणार नाही असं ठरलं. त्या दुरुस्तीला विरोध कोणाचा होता? श्रोत्यांचा नव्हता. मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानदारांचाही नव्हता. ज्या निर्मात्यांनी आणि कंपन्यांनी पायरसीवर सर्वांत जास्त अश्रू ढाळले, त्यांचा होता.

सुरुवातीला म्हटलेल्या संग्राहकांच्या ग्रुपांकडे परत येतो, कारण मराठी रसिकाचा खरा पेच तिथे आहे. अल्लादियाखाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण नाही. भास्करबुवा बखल्यांचं नाही. जे गेलं ते गेलं. पण त्यानंतरच्या दोन पिढ्यांचं जे टिकलं त्यातलं किती आज विकत मिळतं? ऐंशी-नव्वदच्या दशकात कॅसेटने एचएमव्हीची मक्तेदारी मोडली तेव्हा शाहिरी, भीमगीतं, वारकरी भजनं, गोव्यातल्या तियात्र नाटकांमधली कांतारां म्हणजे गाणी, असं जे जे मोठ्या कंपनीच्या खिजगणतीत नव्हतं ते सगळं छोट्या छोट्या कंपन्यांनी ध्वनिमुद्रित केलं. त्यातल्या कितीतरी कंपन्या आज नाहीत, मालक कोण ते कळत नाही आणि मूळ फिती कुठल्यातरी गोदामात बुरशी धरत आहेत. हे सगळं वाचवलंय कोणी? घरी डेक जोडून, फीत पेन्सिलीने सारखी करून, रात्ररात्र बसून डिजिटल प्रती काढणाऱ्या हौशी माणसांनी. कायद्याच्या भाषेत ही माणसं गुन्हेगार ठरू शकतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये कैद आहे, दंडही आहे.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. ‘संगीत सगळ्यांचं’ म्हणताना गाणाऱ्याची इच्छा विचारात घ्यायला आपण विसरतो. शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांना ध्वनिमुद्रणाबद्दल मुळातच अढी होती. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, तरी त्यांनी आयुष्यभर आपलं गाणं किती सांभाळून बाहेर दिलं हे जाणकारांना ठाऊक आहे. सतरंजीखाली रेकॉर्डर लपवून केलेलं मुद्रण हे गायकाच्या परवानगीवाचून केलेलं असतं, आणि कायद्याने मैफलीतल्या गायनावर कलाकाराचा हक्क ५० वर्षं राहतो. जे जिवंत आहेत त्यांना विचारा, जे गेले त्यांच्या घरच्यांना विचारा. संग्राहकांनी हे केलं नाही तर त्यांचा नैतिक दावा पोकळ ठरतो. उलट, एखाद्या शाहिराने आपलं गाणं चळवळीसाठी मोकळं सोडलं असेल तर कंपनीला त्यावर दावा सांगायचा अधिकार कसा पोचतो?

बंद पडलेल्या मालाचं काय करायचं, याचं उत्तर कायद्यात आधीच अर्धंमुर्धं आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९(४) म्हणतं की हक्क विकत घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर करार संपला असं धरावं, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. शेवटच्या पाच शब्दांनी सगळं पाणी काढून घेतलं, कारण प्रत्येक छापील करारात ‘वेगळं’ लिहिलेलंच असतं. युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रणांची मुदत ५० वरून ७० वर्षं केली तेव्हा निदान एक अट घातली. ५० वर्षांनंतर कंपनी ते मुद्रण पुरेसं विकत नसेल, ऑनलाइनही ठेवत नसेल, तर कलाकार करार मोडू शकतो. मी आपल्याकडे याहून कडक नियम मागतो. दहा वर्षं कुठल्याही रूपात विक्रीला नसलेलं ध्वनिमुद्रण कलाकाराकडे किंवा वारसांकडे परत जावं आणि करारातल्या कलमाने ते अडवता येऊ नये. कंपन्या म्हणतील, जुन्या फिती साफ करायला खर्च येतो, खपेलच याची खात्री नसते. मान्य. नसेल परवडत तर सोडा. स्वतः विकायचं नाही आणि दुसऱ्याने वाचवलं तर फौजदारी करायची, हा हक्क कोणत्या तत्त्वात बसतो? कलम ३१ आणि ३१-अ खाली अडवून ठेवलेल्या किंवा मालक न सापडणाऱ्या कृतींसाठी सक्तीचा परवाना मागता येतो, पण एका कॅसेटसाठी वकील लावायची ऐपत कुठल्या हौशी संग्राहकाकडे असते?

आणि ज्यांच्या हातात आज स्वतःच्या गाण्याचे हक्क आहेत, त्या कलाकारांनी वाट कशाला पाहायची? ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर लागणाऱ्या स्टॉलवर भीमगीतांच्या कॅसेटी आणि सीड्या वर्षानुवर्षं खपत आल्या, कारण ऐकणाऱ्याला ती गाणी आपली वाटत होती आणि विकणारा समोर उभा होता. बँडकॅम्प या संकेतस्थळावर कलाकार २००८ पासून थेट विकत आहेत. तो मंच डिजिटल विक्रीवर पंधरा टक्क्यांपर्यंत वाटा ठेवून बाकी बहुतेक पैसा कलाकाराकडे सोडतो. तशी सोय मराठीत, यूपीआयवर चालणारी, प्रत्येक गाण्याखाली गीतकार-संगीतकार-साथीदारांची नावं सक्तीने मागणारी का नसावी? सुरुवात मैफलींपासून करता येईल. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात थंडीत शाल गुंडाळून तासन्‌तास बसणारा श्रोता फुकट्या नाही, त्याने तिकीट काढलेलं असतं. गायकाची संमती घेऊन त्याच दिवशीच्या गायनाचं स्वच्छ ध्वनिमुद्रण त्याला पन्नास रुपयांत द्या. तीस गायकाला, पाच तबल्याला, पाच पेटीला, दहा आयोजकांना, आणि हा हिशेब पावतीवर छापा. कोणी ते पुढे पाठवेल, पाठवू दे. एका महोत्सवाने एक वर्ष हे करून पाहावं आणि किती विकलं गेलं, किती पैसा कोणाला गेला, ते आकडे जाहीर करावेत. आपल्या श्रोत्याच्या नीतीबद्दल त्यानंतर बोलायला माझी हरकत नाही.